सकुबाईच्या आवाजाचं पेडल

धसईच्या बाजारात, पिठाच्या गिरणीला लागून धम्मपालचं दुरुस्तीचं दुकान आहे. मिक्सर, पंखे, टीव्ही, शेतावरच्या मोटारींचे स्टार्टर आणि लग्नसराईत स्पीकर, अॅम्प्लिफायर, असं जे येईल ते तो उघडून बसतो. हात चांगला. फक्त एक खोड आहे, किंवा होती म्हणू. वस्तू चालू झाली म्हणून त्याचं भागत नसे. कोणी बंद पडलेला पंखा आणला तर तो पंखा चालू करून वर त्याची वायर बदलायचा, बेअरिंगला तेल घालायचा, खडखडणारी जाळीही घट्ट करून द्यायचा. गिऱ्हाईक खूश होऊन जायचं आणि धम्मपाल त्या पाठमोऱ्या गिऱ्हाइकाकडे बघत राहायचा, जसं काही त्यानेच त्या माणसाला नवा पंखा भेट दिलाय.

दीपेश त्याचा शाळेपासूनचा दोस्त. दोघांच्या आया एकमेकींच्या शेतात भाताच्या आवणीला जायच्या. धम्मपालची आई गोजाबाई आणि दीपेशची आई सकुबाई. पायाखाली चिखल, पाठीवर इरलं आणि सकुबाई गायला लागली की बाकीच्या बायांचे हात आपोआप त्या लयीत पडायचे. गोजाबाई गेली तेव्हा धम्मपाल मोठा बापया होता, तरी सकुबाईने त्याला आपल्या ओटीवर बसवून लहान पोरासारखं जेवू घातलं होतं. तो तिला मावशी म्हणायचा.

ही सकुबाई धवळारीण होती. आगरी लोकांच्या लग्नात धवळे म्हणणारी बाई. मांडव घालण्यापासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक विधीचं वेगळं गाणं, आणि ते धवळारणीने उचलल्याशिवाय हळदीला हात लागत नाही. सकुबाईचा आवाज गोड म्हणावा असा कधीच नव्हता. जाड, घोगरा, वर चढताना कडेला जरासा फाटणारा. पेंढ्यावरून उलटा हात फिरवला तर लागतं ना, तसा कानाला लागायचा. पण मुरबाडपासून शहापूरकडच्या गावांपर्यंत लोक तारीख काढताना आधी तिला विचारायचे.

मग तिच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की गाठ काढावी लागेल, आणि आवाजाचं काही सांगता येणार नाही. गाठ गेली, जीव वाचला, आवाज गेला. उरली ती नुसती कुजबुज, जवळ कान नेल्याशिवाय न कळणारी. आमंत्रणं येत राहिली, पण सकुबाईने लग्नांना जाणं सोडलं. दीपेशची बहीण कुणाली तिला ओढून न्यायला बघायची, तर ती हातानेच नको म्हणायची. धवळारणीने मांडवात मुकं बसावं हे तिला सोसण्यातलं नव्हतं.

दीपेश हळदीच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. लॉकडाऊन लागला तशी लग्नं थांबली, दुकानं थांबली, आणि दोघं दोस्त रिकामे झाले. दीपेशला बऱ्याच दिवसांपासून ओव्हरड्राइव्हचं पेडल हवं होतं. गिटार आणि अॅम्प्लिफायर यांच्यामध्ये लावायचा एक छोटा डबा, पायाने दाबला की स्वच्छ सूर जरा चिरडला जातो, त्याला धार येते, दाणा येतो. धम्मपालने मोबाईलवर त्याच्या सर्किटचा नकाशा शोधून काढला आणि म्हणाला, आपण घरीच करू. सामान आणायला कल्याणला जाणं शक्य नव्हतं. मग त्याने बापाचा, बाळारामचा, जुना रेडिओ उघडला. त्यातून काचेचा एक डायोड काढला, दुसरा कुठल्याशा चार्जरमधून. रेडिओतलाच एक म्हातारा कपॅसिटर घेतला. नकाशात लिहिलेलं एक आणि डब्यात बसलेलं भलतंच, असं बऱ्याच ठिकाणी झालं. डबा म्हणजे जुन्या मीटरची पत्र्याची पेटी, पायाचं बटण टेबललॅम्पचं. धम्मपालचं ते पहिलंच पेडल. सोल्डरचे डाग असे जाड पडले होते की आत बघितलं तर मुंग्यांचं वारूळ वाटावं.

पेडल लावायला ते दीपेशच्या ओटीवर बसले. सकुबाई कोपऱ्यात सूप घेऊन तांदूळ निवडत होती. दीपेशने दोन-चार सूर छेडले, डब्यातून मोठी घरघर आली, धम्मपाल ओशाळला. मग दीपेशने सहज, हाताला सवयीचं म्हणून, हळद दळतानाच्या धवळ्याची चाल वाजवली. गिटारातून ती चाल जाड निघाली, घोगरी निघाली आणि वरच्या सुरावर जाताना कडेला फाटली.

सकुबाईचा हात सुपात थांबला. तिने मान वर केली नाही. दीपेशने चाल पुन्हा घेतली तेव्हा तिची बोटं सुपाच्या काठावर ठेका धरायला लागली आणि ओठ हलायला लागले. कुणाली चुलीपासून उठून दारात येऊन उभी राहिली होती. चाल संपल्यावर सकुबाईने दीपेशला हाताने जवळ बोलावलं. त्याने कान नेला.

"ह्यो माजा हाय," ती कुजबुजली.

त्यानंतर लग्नं सुरू झाली तशी सकुबाई पुन्हा मांडवात जायला लागली. दीपेशच्या शेजारी पाटावर बसायची. तो चाल उचलायचा, ती गुडघ्यावर हाताने ठेका द्यायची, ओठांनी शब्द सांगायची, आणि समोरच्या बायका तिच्या ओठांकडे बघून गायच्या. कोणाला ते विचित्र वाटलं नाही. उलट बायका म्हणायच्या, सकुबाई परत आली. पेडल लावलं की आधी ती घरघर सुरू व्हायची, तर म्हाताऱ्या एकमेकींना सांगायच्या, थांबा गो, सकू घसा साफ करतेय. सकुबाईही हसायची. तिला कोणी गिटाराबद्दल विचारलं तर ती धम्मपालकडे बोट दाखवायची. त्या बोटाने धम्मपालला जे मिळायचं ते दुकानातल्या कुठल्याच कामाने दिलं नव्हतं.

असं असताना तो तिथे समाधानाने थांबला असता तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

एका हळदीला, मुरबाडच्या हॉलमध्ये, कल्याणहून मोठी साऊंड सिस्टीम आली होती. ती सांभाळणाऱ्या पोराने दीपेशची वायर जोडली आणि घरघर ऐकून तोंड वाकडं केलं. हा डबा कोणी बनवला, याला काय आवाज म्हणतात का, असं तो हसत हसत म्हणाला. वाईट बोलायचं म्हणून बोलला नव्हता. दीपेशने दुर्लक्ष केलं. पण धम्मपाल बाजूलाच उभा होता, आणि त्याच्या तोंडून ‘मी बनवला’ हे शब्द निघाले नाहीत. घरी येताना जीपमध्ये बसल्या बसल्या त्याला त्याचीच लाज वाटत राहिली, आणि माणसाला स्वतःची लाज वाटली की तो ती दुसऱ्या कशावर तरी काढतो. त्याने ती त्या डब्यावर काढायचं ठरवलं. दीपेशला म्हणाला, मी हे सुधारून देतो. दीपेश म्हणाला, राहू दे. पुन्हा म्हणाला, तरी तेच उत्तर. तरीही धम्मपाल कल्याणला गेला तेव्हा नवे डायोड, नवे कपॅसिटर घेऊन आला आणि खणात ठेवून दिले.

कुणालीचं लग्न ठरलं. सासर शहापूर तालुक्यातलं. हळदीच्या आधल्या आठवड्यात पेडलचं बटण अडकायला लागलं म्हणून दीपेश ते घेऊन दुकानात आला. मांडवाचं, आचाऱ्याचं, कशाकशाचं डोक्यात घेऊन आला होता, उभ्याउभ्याच बोलला.

"फक्त बटण बघ. बाकी कशाला हात नको लावू."

धम्मपाल हो म्हणाला. खोटं बोलायचं त्याच्या मनात नव्हतं. त्याने डबा उघडला, बटण काढलं, नवं बसवलं. काम झालं होतं. पण डबा उघडाच होता आणि आतले ते जाड, काळपट डाग समोर होते. एवढ्या वर्षांत त्याचा हात किती सुधारला होता, आणि हे असलं काम सकुबाईच्या लेकीच्या हळदीला मांडवात जाणार. शहापूरची नवी माणसं येणार, त्यांच्यासमोर ती घरघर होणार. कुणाली त्याला भाऊ मानायची. त्याला वाटलं, माझ्याकडून हाच आहेर. दुपारचं गिऱ्हाईक नव्हतं. त्याने खण उघडला.

सगळं सामान त्याने काढलं. काचेचा डायोड चिमट्यात धरताना चिरला. म्हाताऱ्या कपॅसिटरचा एक पाय तुटून हातात आला. त्याला वाईट वाटलं नाही. जुनं सामान असंच असतं. टेबलावरचा कचरा झाडून त्याने कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि नवीन सामान ओळीत, हिशेबात, नकाशाबरहुकूम बसवलं. पत्र्याच्या पेटीला आतून नीट अर्थिंग दिलं. लावून बघितलं तर घरघर गायब. सूर असा निघाला की दुकानातल्या दुकानात रेडिओ स्टेशन वाटावं.

बायको मेघा जेवणाचा डबा घेऊन आली तेव्हा त्याने तिला ऐकवलं. छान आहे म्हणाली. मग विचारलं, "मावशींना विचारलं होतंत का?" तो म्हणाला, त्यांना सरप्राइज आहे. मेघाने भाकरी वाढली.

हळदीच्या संध्याकाळी दीपेश धावपळीत होता. धम्मपालने पेडल त्याच्या हातात देताना सांगितलं की एक गंमत केलीय, वाजवशील तेव्हा कळेल. दीपेशने त्याच्याकडे नीट बघितलंही नाही. बटण चाललं, एवढं त्याला पुरे होतं. मांडवात कुणाली पाटावर बसली, बायका गोल झाल्या. सकुबाई नव्या हिरव्या लुगड्यात दीपेशशेजारी बसली होती. आज ती नवरीची आईही होती आणि धवळारीणही. म्हाताऱ्या घरघरीची वाट बघत थांबल्या, तर ती आलीच नाही. दीपेशने चाल उचलली.

सूर सरळ निघाला. वर चढला तिथेही सरळ चढला, कुठे खरचटला नाही. शहापूरकडून आलेली माणसं माना डोलवायला लागली. एकजण तर उठून दीपेशचा व्हिडिओ काढायला पुढे आला. दीपेशचं बोट एका जागी क्षणभर अडलं, मग तो वाजवत राहिला, पण त्याची नजर आईच्या हातावर होती. धम्मपालचीही. सकुबाईचा हात गुडघ्यावर होता. तो उचललाच गेला नाही. ती अॅम्प्लिफायरकडे बघत होती, जसं कोणी दारात आलं आणि ओळखीचं वाटलं म्हणून पुढे जावं, तर भलतंच माणूस निघावं. बायका तिच्या ओठांकडे बघत होत्या आणि ओठ हलत नव्हते. दोघीचौघींनी आठवतील तसे शब्द म्हटले, ते मागेपुढे झाले, एक हसली, मग गाणं आपोआप विरलं. सकुबाईने दीपेशच्या मनगटाला हात लावून त्याला थांबवलं. उठली, हळदीच्या ताटात बुडवलेली बोटं लेकीच्या गालाला लावली. गाण्याशिवाय लावली.

पुढे डीजे सुरू झाला, लोक नाचले, हळद दणक्यात झाली. कोणालाही काही बिघडल्यासारखं वाटलं नाही. मांडवामागे पाण्याच्या टाकीपाशी दीपेश धम्मपालला भेटला. चिडला नव्हता.

"तुला बटण सांगितलं होतं रे," एवढंच म्हणाला, आणि पाण्याचा जग भरून पाहुण्यांकडे गेला.

धम्मपाल पंगतीला बसणार नव्हता, पण सकुबाईने त्याला हाताला धरून बसवलं. स्वतः वाढलं. वाकून त्याच्या कानात म्हणाली की लय चांगलं केलंस, गोड लागतं आता. ती मनापासून बोलत होती. तो खाली मान घालून भात कालवत राहिला. आयुष्यभर तिच्या आवाजाला कोणी गोड म्हटलं नव्हतं, आणि ते म्हणायची पाळी तिच्यावर त्याने आणली होती.

दुसऱ्या दिवशी कुणालीची पाठवणी व्हायच्या आधी तो दुकानात जाऊन कचऱ्याचा डबा उपसून बसला. गिरणीवाल्याने आदल्याच दिवशी दोन्ही दुकानांचा कचरा मागे नेऊन जाळला होता. राखेत काचेचे दाणे होते, पण ते कशाचे होते ते कोण सांगणार.

मग त्याने जे येत होतं ते सुरू केलं. भंगारवाल्यांकडून जुने रेडिओ आणले. मुरबाड, कल्याण, मुंबईतल्या जुन्या सामानाच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. तसाच काचेचा डायोड मिळाला, तशाच जातीचा कपॅसिटर मिळाला. पण तो कपॅसिटर बाळारामच्या रेडिओत कित्येक वर्षं पडून जसा मुरला होता, जसा थोडा गळका झाला होता, तसा दुसरा कुठून येणार. एक पेडल जास्त जाड वाजायचं, दुसरं नुसतं किरकिरायचं. अर्थिंग काढून टाकून त्याने घरघरही परत आणली. घरघर आली, आवाज आला नाही. प्रत्येक वेळी तो दीपेशला बोलवायचा. दीपेश यायचा, वाजवायचा, मान हलवायचा. पुढे पुढे म्हणायला लागला, राहू दे रे, धम्मा. मग कामाचं निमित्त सांगायला लागला. सकुबाईने पुन्हा मांडव सोडला. विचारलं तर सांगायची, वय झालं.

मेघाने एकदा त्याला सरळ सांगितलं की तुम्ही दर खेपेला नवा डबा करत बसता, त्यापेक्षा एकदा मावशींसमोर बसून चुकलं म्हणा. त्याला ते पटलं. पण त्याला वाटायचं, रिकाम्या हाताने कसं जायचं. आवाज परत घेऊन जाऊ आणि मग म्हणू. हातात वस्तू असली की त्याला बोलायला सोपं जायचं, तसा तो माणूस.

पुढच्या भातकापणीच्या सुमाराला एक पेडल जमत आलं. त्याच्याही कानाला ते जवळचं वाटलं. तोवर सकुबाई अंथरुणाला खिळली होती. काढलेली गाठ पुन्हा उलटली होती, आता छातीपर्यंत गेली होती. दीपेशने खाटेजवळ बसून हळदीची चाल वाजवली. कुणाली माहेरी आली होती, ती पायाशी बसली होती. सकुबाईने डोळे उघडले आणि गोधडीवर बोटं हलवायला लागली.

"हां," ती म्हणाली. "ह्योच."

कुणालीने पदर डोळ्याला लावला. दीपेशने वाजवणं थांबवलं नाही. पण धम्मपाल बोटांकडे बघत होता. ठेका सुराच्या मागून येत होता. ती सूर ऐकून ठेका देत नव्हती. दीपेशचा हात बघून देत होती. आणि मधूनच ती धम्मपालच्या तोंडाकडे बघायची, पोराला बरं वाटलं की नाही ते बघायला. तेव्हा त्याला कळलं की ही त्याची समजूत घालतेय. तेवढ्यात बोलायला पाहिजे होतं. माझं चुकलं मावशी, तुझं होतं आणि तुला न विचारता मी ते मोडलं. शब्द तोंडाशी आले होते. पण ती हसत होती, कुणाली रडत होती, आणि ते खोटं मोडायची त्याची छाती झाली नाही. तोही हसला. पेडल तिथेच ठेवून तो घरी आला.

ती मार्गशीर्षात गेली. अंत्ययात्रेला पार शहापूरकडून बायका आल्या होत्या.

दीपेश आता ते शेवटचं पेडल घेऊन हळदीला जातो. नव्या पोरी म्हणतात, हा सकुबाईचा आवाज, आणि जुन्या म्हाताऱ्या काही बोलत नाहीत. धम्मपाल दुकानात बसतो. आता कोणी पंखा आणला तर तो आधी विचारतो, काय काय करायचं, आणि सांगितलं तेवढंच करतो. लोकांना वाटतं त्याचा कामातला जीव उडाला. तसं थोडं झालंही आहे.

या उन्हाळ्यात दीपेश दुकानात आला. पेडलची वायर ढिली झाली होती. धम्मपालने ती घट्ट केली, डबा बंद केला आणि समोर सरकवला. दीपेश तो उचलेना. बाहेर गिरणी चालू होती, सगळीकडे पिठाचा वास होता. धम्मपाल म्हणाला, "मावशी त्या दिवशी खाटेवर खोटं बोलली, माहीत आहे ना तुला?"

दीपेश म्हणाला, "तू यायच्या आधीच ती बोलली होती. धम्मा येल, त्याला हो म्हणायचं."

धम्मपालने हातातला पेचकस पुसून ठेवला. मग म्हणाला की चुकलं माझं. दीपेशलाही तो हे पहिल्यांदाच म्हणत होता; तिला तर कधी म्हणालाच नव्हता.

"मला काय सांगतस," दीपेश म्हणाला. आवाजात राग नव्हता, आणि तेच ऐकायला जड होतं. "तिला सांगायला पायजे होतं. ती वाट बघत होती."

धम्मपालने मान हलवली. त्याला चहा मागवावासा वाटला, पण थांब्यावर दीपेशची जीप भरत आली होती. दीपेशने पेडल पिशवीत घातलं, जातो म्हणाला, आणि तिकडे गेला. धम्मपाल दारापर्यंत त्याच्या मागे आला आणि तिथेच उभा राहिला.